स्वेप्ट-सोर्स ओसीटी आणि त्यामागचे फायबर लेझर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओसीटीच्या (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्यासारख्या ऊतींच्या आतले थर दाखवणारी तपासणी) लेझरवर काम करतो हे कळलं की प्रश्न सुरू होतात. काही एम.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे असतात, काही नेत्रविभागातल्या रेसिडेंट डॉक्टरांचे. आत्याचा प्रश्न ठरलेला आहे : "त्या मशीनमध्ये किरण असतात का रे?" तोही खाली घेतलाय (प्रश्न १३). सोपे आधी, अवघड नंतर. आधी आलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओसीटी म्हणजे प्रकाशाची सोनोग्राफी असं सांगतात. बरोबर आहे का?

निम्मं. दोन्हींत आत काहीतरी पाठवायचं आणि निरनिराळ्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनी वेगळे करायचे. पण आवाजाचा प्रतिध्वनी घड्याळ लावून मोजता येतो, प्रकाशाचा नाही. दोन थरांत १० मायक्रोमीटर अंतर असेल तर त्यांच्या परतीच्या वेळांत साधारण ६७ फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. इतकं चपळ इलेक्ट्रॉनिक्स नसतं. म्हणून प्रकाशाचे दोन वाटे करतात. एक ऊतीत जातो, दुसरा ठरलेल्या अंतरावरच्या आरशाकडे. दोघे परत येऊन मिसळले की व्यतिकरण होतं आणि त्यातून खोली काढतात. १९९१ साली एमआयटीतल्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हे मांडलं. पहिले लेखक होते डेव्हिड हुआंग. त्या पहिल्याच निबंधात डोळ्याचा पडदा होता आणि हृदयाची रक्तवाहिनीही. आज ओसीटीची ही दोन मोठी क्षेत्रं आहेत.

२. आरसा हलवायचा सोडून लेझरचा रंग का हलवायचा?

पहिल्या पिढीत आरसा पुढेमागे सरकवून एकेक खोली तपासत. ते हळू होतं, आणि एका खोलीवर लक्ष असताना बाकी खोल्यांवरून आलेला प्रकाश वाया जायचा.

आता असं समजा, की तुम्ही घाटात उभे राहून खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत एकसारखी मींड घेताय. समोरच्या कड्यावरून तुमचाच आवाज परत येतो, पण तो मघाचा असतो. तोवर तुमचा सूर पुढे सरकलेला असतो. दोन्ही सूर एकमेकांवर आले की जेमतेम न जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येते तशी लहर उठते. कडा जितका लांब, तितका दोन सुरांतला फरक मोठा आणि लहर जलद. स्वेप्ट-सोर्स ओसीटीत हेच घडतं. लेझर आपली तरंगलांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवतो आणि प्रत्येक थर आपापल्या वेगाची लहर डिटेक्टरवर पाठवतो. फूरिए रूपांतर, म्हणजे मिसळलेल्या लहरी वेगानुसार वेगळ्या करणारं गणित, केलं की एकाच स्वीपमध्ये सगळे थर वेगळे होतात. सगळ्या खोल्यांचा प्रकाश कामी येत असल्याने संवेदनशीलता शेकडो पटींनी वाढते, हे २००३ साली तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं.

याचं जुळं भावंड म्हणजे स्पेक्ट्रल-डोमेन ओसीटी. तिथे सगळे रंग एकदम सोडतात आणि परत आल्यावर स्पेक्ट्रोमीटरने वेगळे करतात. नेत्रतपासणीच्या बऱ्याच मशीन आजही त्याच पद्धतीच्या आहेत.

३. याला फायबर लेझर का म्हणतात? आत एर्बियमची (हा धातू मिसळून प्रकाश वाढवणारी) फायबर असते का?

बहुतेक वेळा नसते, आणि इथेच मुलांचा गोंधळ होतो. रचना फायबरच्या कड्याची असते : प्रकाश वाढवायला सेमीकंडक्टर ऑप्टिकल अँप्लिफायर, म्हणजे एसओए, प्रकाश एकाच दिशेने फिरावा म्हणून आयसोलेटर, एका वेळी एकच तरंगलांबी सोडणारा सरकता फिल्टर, आणि थोडा प्रकाश बाहेर काढणारा कपलर. सगळं फायबरने जोडलेलं असतं, म्हणून फायबर लेझर. वाढ मात्र चिपमध्ये होते.

एर्बियम टाळण्याचं कारण साधं आहे. त्याची उत्तेजित अवस्था सुमारे १० मिलिसेकंद टिकते, यटर्बियमची १ मिलिसेकंदाच्या आसपास. सेकंदाला लाखभर स्वीप घेणाऱ्या लेझरला हा गेन फार सुस्त पडतो. एसओए नॅनोसेकंदांत सावरतो, शिवाय १०० नॅनोमीटरचा पट्टा सहज देतो.

४. ८५०, १०५० की १३०० नॅनोमीटर?

पाण्याला विचारा. बुबुळापासून पडद्यापर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर पाणीच आहे, जाऊन-येऊन ५. त्यात १३०० चा प्रकाश जवळजवळ सगळा शोषला जातो. १०५० च्या आसपास शोषण कमी असणारी एक खिडकी आहे, तिथला निम्म्याच्या आसपास परत येतो. म्हणून पडद्यासाठी स्वेप्ट-सोर्स म्हटलं की १०५०. पडद्याच्या रंगद्रव्यात तो ८५० पेक्षा कमी विखुरतो, त्यामुळे मागचा कोरॉइड, म्हणजे रक्तवाहिन्यांचा थरही नीट दिसतो. १३०० वापरायचा तो त्वचेला, रक्तवाहिन्यांना आणि डोळ्याच्या पुढच्या भागाला. ८५० ला सिलिकॉनचे कॅमेरे स्वस्त मिळतात, म्हणून तिथे स्पेक्ट्रोमीटरवाल्यांचं राज्य आहे.

५. रिझोल्यूशन कशावर ठरतं?

खोलीतलं रिझोल्यूशन स्वीपच्या रुंदीवर. सूत्र : ०.४४ गुणिले मध्य-तरंगलांबीचा वर्ग, भागिले रुंदी. १३१० नॅनोमीटरभोवती १०० नॅनोमीटर स्वीप असेल तर हवेत सुमारे ७.५ मायक्रोमीटर, ऊतीत ५.५. तेवढाच स्वीप १०५० ला असेल तर हवेत ४.९. मात्र डेटाशीटवरची रुंदी टोकापासून टोकापर्यंतची असते आणि सूत्रातली अर्ध्या उंचीवरची. त्यात तुम्ही फूरिएआधी विंडो लावणार (स्वीपची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणार), म्हणजे आणखी थोडं गेलं. आडवं रिझोल्यूशन लेन्सवर ठरतं, त्यात लेझरच्या स्वीपचा हात नाही.

६. आणि किती खोल दिसेल ते?

इथे दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली नमुन्यांची. १३१० ला १०० नॅनोमीटरच्या स्वीपमध्ये १,००० नमुने घेतले तर जास्तीत जास्त ४.३ मिलिमीटर. दुप्पट घ्या, दुप्पट मिळेल.

दुसरी मर्यादा लेझरची स्वतःची आहे. स्वीप करताना कोणत्याही क्षणी बाहेर पडणारा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याला थोडी जाडी असते. तिला क्षणिक रेषारुंदी म्हणू. ०.१ नॅनोमीटर असेल तर १३१० ला साधारण ३.८ मिलिमीटर खोलीवर सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. ०.३ असेल तर सव्वा मिलिमीटरवरच. नमुने घेणारं कार्ड कितीही महागाचं घ्या, जाड रेषेचा लेझर खोलवरची लहर पुसून टाकतो. माझ्याकडे येणारे शंभरातले नव्वद जण आधी किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती हजार स्वीप, ते विचारतात. रेषारुंदी क्वचितच कोणी विचारतं. ती आधी विचारा.

ऊतीतल्या विखुरण्याची तिसरी मर्यादा आहेच. त्वचेत एक-दोन मिलिमीटरवर खेळ संपतो, लेझर कितीही सोवळा असो.

७. जास्त किलोहर्ट्झ म्हणजे जास्त चांगलं ना?

वेग फुकट मिळत नाही. तेवढ्याच पॉवरला वेग दहापट केला की प्रत्येक ओळीच्या (एका स्वीपमधून मिळणाऱ्या खोलीच्या रेषेच्या) वाट्याला दहावा हिस्सा फोटॉन येतात, म्हणजे संवेदनशीलता १० डेसिबलने खाली. डोळ्यात पॉवर वाढवायलाही मर्यादा आहे (प्रश्न १३). शिवाय डिजिटायझरचा, म्हणजे नमुने घेणाऱ्या कार्डाचा, हिशेब करा. १०० किलोहर्ट्झला एक फेरी १० मायक्रोसेकंदांची. त्यातली निम्मीच वापरायची असेल तर ५ मायक्रोसेकंदांत १,००० नमुने, म्हणजे सेकंदाला २० कोटी. १ मेगाहर्ट्झला २०० कोटी, आणि मग डेटा साठवायचा कुठे हा पुढचा प्रश्न. पेशंटचा डोळा हलतो तिथे, किंवा एकच जागा पुन्हापुन्हा स्कॅन करून रक्तप्रवाह दाखवायचा असतो तिथे, वेग हवाच. टेबलावर ठेवलेल्या पेंटच्या नमुन्याला कशाला?

८. वेग खरोखर निर्णायक ठरला असं एखादं उदाहरण?

हृदयाच्या रक्तवाहिन्या. रक्तातून ओसीटीला दिसत नाही, लाल पेशी प्रकाश विखुरतात. आरसा हलवणाऱ्या जुन्या यंत्रांत इतका वेळ लागे, की फुगा फुगवून रक्तप्रवाह थांबवावा लागत असे. स्वेप्ट लेझर आल्यावर कॅथेटरमधून काँट्रास्ट सोडून रक्त दोन-तीन सेकंद बाजूला सारायचं आणि तेवढ्यात फिरती फायबर मागे खेचायची, असं जमू लागलं. सेकंदाला १०० फ्रेम आणि २० मिलिमीटर खेच धरली, तर अडीच सेकंदांत ५ सेंटिमीटर धमनी, दर ०.२ मिलिमीटरला एक काप. स्टेंट धमनीच्या भिंतीला नीट टेकलाय का, हे त्यात दिसतं.

९. साधा सरकता लेझर एका वेगानंतर का थकतो? आणि एफडीएमएल म्हणजे काय?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब.

२००३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने फिरता बहुकोनी आरसा फिल्टर म्हणून वापरून सेकंदाला १५ हजारांवर स्वीप काढले. त्या काळी ही मोठी झेप होती. आता तसाच लेझर ५० किलोहर्ट्झवर न्यायचा प्रयत्न करू. फिल्टर जाताना १० मायक्रोसेकंद आणि येताना १०, एका खेपेत १०० नॅनोमीटर. म्हणजे मायक्रोसेकंदाला १० नॅनोमीटर. फिल्टरची खिडकी ०.१ नॅनोमीटरची असेल तर एका रंगाच्या वाट्याला १० नॅनोसेकंद येतात. आणि फायबरचं कडं १० मीटरचं असेल तर प्रकाशाला एक फेरी मारायला लागतात ५०. गाडी फाटकापाशी यायच्या आत फाटक पुढच्या रुळावर सरकलेलं असतं. प्रत्येक रंगाला एसओएच्या कुजबुजीतून, म्हणजे उत्स्फूर्त उत्सर्जनातून, शून्यापासून उभं राहावं लागतं आणि तेवढा वेळच मिळत नाही. पॉवर पडते, रेषा जाड होते.

उपाय दोन. कडं आखूड करा, किंवा भलतंच लांब. रॉबर्ट ह्युबर, मॅचेइ वोइत्कोव्स्की आणि फुजिमोटो यांनी २००६ साली दुसरा मार्ग मांडला : फूरिए डोमेन मोड लॉकिंग, म्हणजेच एफडीएमएल. फायबर इतकी लांब घ्यायची, की प्रकाशाची एक फेरी आणि फिल्टरचं एक आवर्तन यांचा वेळ तंतोतंत जुळेल. ५० किलोहर्ट्झला २० मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ४ किलोमीटर फायबर. एक रंग फिल्टरमधून निघाला, ४ किलोमीटर फिरून आला, की फिल्टर बरोबर त्याच रंगावर परत आलेला असतो. कोणालाच शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अख्खा स्वीप त्या रिळात साठवलेला असतो. फिल्टर पिझोवर (व्होल्टेज दिलं की हलणाऱ्या तुकड्यावर) बसवलेला फायबर फॅब्री-पेरो, म्हणजे समोरासमोरच्या दोन आरशांचा, साइन लहरीवर डोलणारा. रीळ ताटाएवढं. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, "लेझर कुठे आहे?"

याच मार्गाने पुढे ह्युबर यांच्या गटाने मेगाहर्ट्झच्या पलीकडची ओसीटी करून दाखवली.

१०. ४ किलोमीटर फायबर? मग तापमानाचं काय?

त्रास आहेच. फायबरमधला विलंब अंशाला दहा लाखांत सात-आठ भागांनी बदलतो. ५० किलोहर्ट्झवर याचा अर्थ : खोली १ अंशाने तापली तर फिल्टरची वारंवारता साधारण ०.४ हर्ट्झने जुळवून घ्यावी लागते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण चांगला एफडीएमएल हर्ट्झच्या छोट्या अंशांनीही बिघडतो. मे महिन्यातल्या एका दुपारी आमचा एसी बंद पडला, आणि ऑसिलोस्कोपवरची स्वच्छ रेघ तासाभरात गवतासारखी केसाळ झाली. मी दोन तास कनेक्टर पुसत बसलो. दोष हवेत होता. तेव्हापासून रीळ थर्मोकोलच्या पेटीत असतं आणि वारंवारता सॉफ्टवेअर आपोआप धरून ठेवतं.

दुसरी अडचण डिस्पर्शनची, म्हणजे निरनिराळे रंग काचेतून निरनिराळ्या वेगाने जाण्याची. नेहमीच्या फायबरचं शून्य-डिस्पर्शन १३१० च्या जवळ असतं, म्हणून तिथे एफडीएमएल गोडीगुलाबीने चालतो. १०६० ला स्वीपच्या दोन टोकांच्या रंगांत ४ किलोमीटरवर दहाएक नॅनोसेकंदांची तफावत पडते. प्रश्न ९ मधली १० नॅनोसेकंदांची खिडकी आठवा. ती तफावत भरून काढल्याशिवाय काम होत नाही.

११. स्वीप एकाच दिशेने का वापरतात? परतीचा का टाकून देतात?

साध्या कड्याच्या लेझरमध्ये आखूड तरंगलांबीकडून लांबकडे जाणारा स्वीप जोमदार असतो आणि उलटा मरगळलेला. एसओएमध्ये प्रकाश थोडाथोडा लांब तरंगलांबीकडे ढकलला जातो. फिल्टर त्याच दिशेने चालला असेल तर ते पथ्यावर पडतं. एफडीएमएलमध्ये दोन्ही दिशा बऱ्याच सारख्या असतात. तरी पुष्कळदा परतीच्या वेळी एसओएचा करंट बंद ठेवतात आणि त्या रिकाम्या जागेत आधीच्याच स्वीपची फायबरमधून उशिरा आणलेली नक्कल भरतात. याला बफरिंग म्हणतात. फिल्टरला जास्त न पळवता ओळी दुप्पट, चौपट होतात.

१२. जवळचा आरसा टोकदार दिसतो, लांबचा फिसकटतो. लेझर खराब आहे का?

घाई नको. फूरिएला नमुने समान तरंगांकावर (तरंगलांबीच्या व्यस्तावर) लागतात. फिल्टर साइन लहरीवर डोलत असल्याने समान वेळेवर घेतलेले नमुने मधे विरळ आणि टोकांना दाट पडतात. म्हणून माख-झेंडर इंटरफेरोमीटरमधून (प्रकाशाचे दोन वाटे ठरलेल्या फरकाने फिरवून पुन्हा मिसळणाऱ्या जोडणीतून) तरंगांकाचं घड्याळ, म्हणजे 'के-क्लॉक', काढून त्याच्या ठोक्यावर डिजिटायझर चालवतात. स्वीप दर वेळी सारखाच असेल तर एकदा कॅलिब्रेट करून नंतर गणिताने सरळ करतात.

ओळखायची खूण : फिसकटणं खोलीबरोबर वाढत असेल तर सरळीकरणात चूक आहे. सगळ्या खोल्यांवर सारखंच असेल तर दोन भुजांमधलं (ऊतीकडची आणि आरशाकडची वाट) काचेचं डिस्पर्शन जुळलेलं नाही. आणि शिखर टोकदार राहून नुसतं बुटकं होत असेल, तर रेषारुंदी (प्रश्न ६).

१३. यात किरण असतात का? डोळ्याला अपाय?

आत्या, एक्स-रेसारखे किरण नसतात. हा अवरक्त प्रकाश आहे आणि पडद्याच्या तपासणीत तो एक-दोन मिलिवॅटच्या घरात असतो. मर्यादा आयईसी ६०८२५-१ आणि आयएसओ १५००४-२ या मानकांत दिलेल्या आहेत, मशीन त्या पाळूनच विकली जाते.

लॅबमधल्या मुलांसाठी वेगळं उत्तर. पॉवर वाढवणाऱ्या बूस्टरनंतर दहापट-वीसपट पॉवर असू शकते आणि प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. फायबरचं टोक कधीही डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघू नये. अवरक्त प्रकाश दाखवणारं आयआर कार्ड त्यासाठीच असतं.

१४. पिकलेल्या मोतीबिंदूतून स्वेप्ट-सोर्स आरपार बघतो म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. लांब तरंगलांबी गढूळपणात कमी विखुरते. म्हणून लेन्सचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी मोजणारी १०५० च्या आसपासची स्वेप्ट-सोर्स यंत्रं, जुन्या ऑप्टिकल यंत्रांनी हात टेकले तिथेही आकडा देतात. आपल्याकडे गावातले आजी-आजोबा बुबुळ पांढरं दिसेपर्यंत थांबतात, तेव्हा हा फरक मोलाचा ठरतो. पण पूर्ण पांढरा मोतीबिंदू असेल तर इथेही आकडा हुकू शकतो आणि ए-स्कॅन सोनोग्राफीवरच यावं लागतं. शिवाय लांबी मोजण्यापुरतं एकच शिखर पुरतं. पडद्याचं सुरेख चित्र मिळेल असं त्यावरून समजू नये.

१५. स्क्रीनवर पडदा उलटा का दिसतो?

साधी फूरिए प्रक्रिया शून्य-अंतराच्या पुढचं आणि मागचं वेगळं करू शकत नाही, दोन्ही एकाच बाजूला घडी होऊन पडतात. चिनरेस्ट पुढे आला, वस्तू शून्यरेषा ओलांडून गेली, की चित्र उलटतं. थोडं मागे घ्या. खूप लांब डोळ्यात, जास्त मायनस नंबरवाल्यांच्यात, पडद्याचा वाकलेला काठ घडी होऊन आडवा येतो. तो आजार नाही.

१६. एमईएमएस-व्हीसीएसईएल आले. मग फायबरचं कडं कालबाह्य झालं का?

व्हीसीएसईएल (चिपच्या पृष्ठभागातून प्रकाश सोडणारा इवलासा लेझर) हा प्रश्न ९ मधला पहिला उपाय, टोकाला नेलेला. कॅव्हिटी काही मायक्रोमीटरची, एक आरसा सूक्ष्म पडद्यावर तरंगणारा. रेषा इतकी बारीक, की खोलीची मर्यादा मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर-मीटरमध्ये मोजतात. नवीन मशीन बनवायची असेल तर मी आज तिकडेच बघेन. कित्येक मेगाहर्ट्झ हवे असतील तर एफडीएमएलला अजून तोड कमी आहे.

पण बारीक रेषेबरोबर येणाऱ्या लांब कोहेरन्सचा (दूरवरूनही लहर टिकण्याचा) एक ताप आहे, तो कोणी आधी सांगत नाही. पूर्वी दूरच्या कनेक्टरवरून आलेलं परावर्तन आपोआप पुसलं जायचं. आता फायबरमधला प्रत्येक सांधा चित्रात एक आडवी, कधीच न हलणारी रेघ होऊन बसतो.

१७. काल चालत होतं, आज सिग्नल निम्मा. आधी काय बघू?

कनेक्टर. मग पुन्हा कनेक्टर. हिरव्या टोपीचा एपीसी निळ्या पीसीमध्ये लागतो, घट्टही बसतो, पण आठ अंशांच्या तिरक्या तोंडामुळे मधे फट राहते आणि प्रकाश तिथेच सांडतो. मग पोलरायझेशन : कोणी टेबलावरची फायबर उचलून दुसरीकडे ठेवली असेल तर दोन्ही भुजांचं पोलरायझेशन एकमेकांना आडवं गेलेलं असतं, पॅडल फिरवून बघा. मग बॅलन्स्ड डिटेक्टरच्या दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश पडतोय का ते. लेझरचं झाकण सगळ्यात शेवटी. एका विद्यार्थ्याने ते पहिल्यांदाच उघडलं होतं, आतलं रीळ सरकलं आणि आठवडा गेला. मूळ दोष होता कपलरच्या टोकावरचा अंगठ्याचा ठसा.